तुम्ही विचारलंत म्हणून: जग खरं की भास, यावर संशोधन कसं करतात?

तत्त्वज्ञान घेऊन बीए करतेय म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. आधी तो 'नोकरी कुठे मिळणार?' असा असायचा. शेवटच्या वर्षाला प्रकल्प लागला आणि प्रश्न बदलला. आत्या विचारते, होस्टेलवरची इंजिनिअरिंगवाली मैत्रीण विचारते, मेसच्या काकूंनीसुद्धा पोळी वाढता वाढता विचारलं: "जग खरं आहे की भास, यावर तुम्ही संशोधन म्हणजे नेमकं करता काय गं? प्रयोगशाळा नाही, सर्व्हे नाही. नुसतं बसून विचार करता?"

बसून विचार करतो, पण थोडाच. बहुतेक वेळ 'हे कशावरून?' हे शोधण्यात जातो. उदाहरणच देते, नाहीतर हे फार हवेत राहील.

माझा विषय चार्वाक, म्हणजे आत्मा-परलोक न मानणारा आपल्याकडचा जुना जडवादी पंथ. वास्तवाबद्दल इतकी रोखठोक भूमिका आपल्याकडे दुसऱ्या कुणाची नाही. इंद्रियांना कळतं ते आहे, बाकीच्या गप्पा. पृथ्वी, आप, तेज, वायू ही चारच भूतं. आकाश यादीत नाही, कारण ते इंद्रियांना सापडत नाही. जाणीव या चार भूतांच्या मिश्रणातून उपजते, किण्वातून, म्हणजे आंबवणातून, नशा उपजावी तशी. अनुमानावर, म्हणजे दिसतंय त्यावरून न दिसणारं ताडण्यावर, त्यांचा हल्ला तर बघण्यासारखा आहे. डोंगरावर धूर दिसतोय, म्हणजे तिथे आग आहे, हे नैयायिकांचं, म्हणजे न्यायदर्शनाच्या तर्कवाद्यांचं, लाडकं उदाहरण. चार्वाक विचारतो, धूर तिथे आग हा नियम तुला कळला कसा? जगातले सगळे धूर पाहून आलास का? कालचे? उद्याचे? अठराव्या शतकात स्कॉटलंडच्या डेव्हिड ह्यूमने जवळपास इथेच बोट ठेवलं आणि युरोपची झोप उडाली. आपल्याकडे हा मुद्दा त्याच्या कितीतरी शतकं आधी मांडून, खोडून, पुन्हा मांडून झाला होता.

पण हे लोकांना सांगायला जावं, तर ते मध्येच थांबवतात आणि म्हणतात, "हां हां, तेच ना, ऋणं कृत्वा घृतं पिबेत्?" कर्ज काढा पण तूप खा. चार्वाक म्हणजे एवढंच. भाषणांत, वर्तमानपत्रांच्या सदरांत, क्रेडिट कार्डावरच्या विनोदांत, सगळीकडे हेच. मैत्रिणीने फोनवरच्या एआयला विचारलं, त्यानेही तूपच वाढलं, आणि वर अगदी ठामपणे.

ही ओळ येते कुठून? मुख्यतः 'सर्वदर्शनसंग्रह' या चौदाव्या शतकातल्या ग्रंथातून, जो माधवाचार्यांच्या नावावर आहे. पुण्यात हा ग्रंथ मिळायला अडचण नाही. वासुदेवशास्त्री अभ्यंकरांनी त्यावर संस्कृतात टीका, म्हणजे अर्थ उलगडणारं विवरण, लिहिलं आणि ती आवृत्ती भांडारकर संस्थेने १९२४ साली काढली. अशी जुनी प्रत हातात घेतली की आधी पानं सांभाळावी लागतात. कडा तपकिरी होऊन सुटायला आलेल्या असतात, बोटाला भुगा लागतो. चार्वाकाचं प्रकरण पहिलंच. त्याच्या शेवटाकडे तुपाचा श्लोक आहे: यावज्जीवेत्सुखं जीवेदृणं कृत्वा घृतं पिबेत्. ठीक. पण प्रकरण सुरुवातीपासून वाचलं, तर हाच श्लोक आरंभालाही भेटतो आणि तिथे तूप नाही, कर्जही नाही. तिथे आहे, 'यावज्जीवं सुखं जीवेन्नास्ति मृत्योरगोचरः'. जगायचं तोवर सुखाने जगा, मृत्यूच्या कक्षेबाहेर कुणीच नाही. पुढची ओळ दोन्हीकडे तीच: राख झालेला देह परत कुठून येणार?

एकाच प्रकरणात एकाच श्लोकाची दोन रूपं. आणि माधवाच्या काही शतकं आधीच्या जयंतभट्ट या नैयायिकाच्या 'न्यायमंजरी'त बघावं, तर तिथेही मृत्यूच आहे, तूप नाही. कोलकात्याचे रामकृष्ण भट्टाचार्य यांनी चार्वाकांचे सगळे विखुरलेले उतारे गोळा करून तपासले आणि दाखवून दिलं की तुपाचा पाठ, म्हणजे ओळीचं ते रूप, मागाहूनचा आहे, विरोधकांच्या थट्टेतून आलेला. म्हणजे एक गंभीर, जरा उदासच म्हणावं असं वाक्य होतं. त्याचं उधळ्या माणसाचं ब्रीद होऊन बसलं.

आता इथे खरी मेख आहे. चार्वाकांचा मूळ सूत्रग्रंथ हरवलाय. आपल्याला त्यांच्याबद्दल जे माहीत आहे ते जैन, बौद्ध, नैयायिक, वेदान्ती यांनी त्यांना खोडून काढताना दिलेल्या उताऱ्यांतून. 'दुसऱ्याच्या शब्दावर विश्वास ठेवू नका' म्हणणारी मंडळी आपल्यापर्यंत पोचली ती फक्त दुसऱ्याच्या शब्दांतून, आणि तेही शत्रूच्या. चार्वाकांच्या बाजूचा म्हणून जयराशीभट्टाचा 'तत्त्वोपप्लवसिंह' हा ग्रंथ तेवढा ताडपत्रावर वाचला. ती पोथी १९२६ साली गुजरातमधल्या पाटणला जैन ग्रंथभांडारात सापडली आणि १९४० साली बडोद्याहून छापली गेली. पण या जयराशीने प्रत्यक्षालासुद्धा, म्हणजे इंद्रियांना जे कळतं त्यालाही, ज्ञानाचं खात्रीचं साधन मानायचं नाकारलंय! त्यामुळे त्याला चार्वाक म्हणावं की नाही, यावरच विद्वानांची जुंपलेली आहे. (एका नास्तिकाची पोथी जैनांनी शतकानुशतकं कपाटात नीट सांभाळली, हे मला फार आवडतं.)

काकू विचारत होत्या ना, जग खरं की भास यावर काय करता? तर हे करतो. 'खरा चार्वाक कोणता?' हा प्रश्न 'खरं जग कोणतं?' या प्रश्नापेक्षा लहान आहे, पण घडण तीच. समोर जे आलंय ते कुणाच्या तरी हातातून आलंय. त्यावर किती विसंबायचं?

याला आपल्याकडे अगदी नेमकी उत्तरं आहेत. मीमांसक, म्हणजे वेदवाक्यांचा अर्थ लावणारी मंडळी, म्हणतात, ज्ञान झालं की ते खरंच धरायचं. बाधक पुरावा आला तर सोडायचं. याला स्वतःप्रामाण्य म्हणतात. नैयायिक म्हणतात, नाही, खरेपणा बाहेरून तपासावा लागतो. पाणी दिसलं, जवळ गेलो, प्यायलो, तहान भागली, तेव्हा ते पाणी. हे परतःप्रामाण्य. संदर्भग्रंथांच्या बाबतीत मला सुरुवातीला नैयायिकांचं पटायचं: प्रत्येक उतारा मुळाशी जाऊन बघायचा. पण मग त्या मुळाची छापील आवृत्ती कशावरून बरोबर? तिच्यामागच्या पोथ्या कशावरून? याला अनवस्था म्हणतात आणि त्या वाटेने गेलं तर प्रकल्प काही जमा होत नाही. मी सध्या मीमांसकांकडे झुकलेय. विश्वास ठेवून वाचायचं, पण दोन ठिकाणी दोन पाठ दिसले की तिथेच ठाण मांडायचं.

जगाबद्दल मात्र नैयायिकांनी मला जिंकलंय. दोरीच्या जागी साप दिसतो, हे उदाहरण वेदान्ती लोक जग भास आहे हे समजवायला वापरतात. नैयायिकांचं उत्तर असं: साप दिसला, कारण साप नावाची वस्तू तू कुठेतरी खरोखर पाहिली होतीस. खोट्यालाही खऱ्याचंच भांडवल लागतं. तुपाच्या श्लोकालाही हे लागू पडतं. आधी मृत्यूची ओळ होती म्हणून तर तिच्यात तूप घालता आलं. ज्ञानेश्वरांनी याच्याही पुढची मजा केलीय. 'अमृतानुभवा'तलं सगळ्यांत मोठं प्रकरण त्यांनी जगाच्या नव्हे, अज्ञानाच्याच खंडनाला दिलं. जग ज्यातून भासतं म्हणतात ते अज्ञान आहे तरी कुठे, दाखवा, असा त्यांचा खाक्या. पण त्यात शिरायचं तर आणखी एक प्रकल्प लागेल.

आत्याला हे सगळं सांगितलं तेव्हा ती म्हणाली, "म्हणजे वर्षभर तू एका ओळीतलं तूप काढतेयस." बरोबर आहे तिचं. सध्या ते सगळं तळटिपेत आहे आणि तळटीप पानभर झालीय. बाईंनी ती उचलून मुख्य मजकुरात घ्यायला सांगितलंय, त्यामुळे दुसरं प्रकरण पुन्हा लिहायला घेतलंय.