हरळी

आमच्या घरापुढे वीस बाय पंधरा फुटांचं लॉन आहे. ‘हिरवळ’ हा शब्द गोड आहे खरा, पण हिरवळ आपोआप येते. जिच्यासाठी माती विकत आणावी लागते, तिला पुण्यात लॉनच म्हणतात. रो-हाऊसचा ताबा मिळाला त्याच पावसाळ्यात नर्सरीवाल्याने लाल मातीचा थर दिला, शेणखत पसरलं आणि वर मेक्सिकन गवताच्या लाद्या अंथरल्या. गर्द हिरवं, बारीक पात्याचं, पायाखाली गादीसारखं दबणारं गवत. पहिले काही दिवस ऑफिसातून आलो की घरात न जाता मी आधी तिथे चपला काढून उभा राहायचो.

महिन्याभराने बार्शीकडून आण्णा आले. पिशवी पायरीवर ठेवली, पाय धुतले आणि लॉनच्या कडेला उकिडवे बसले. मला वाटलं, कौतुक करताहेत. त्यांनी दोन बोटांत एक पातं धरून अलगद ओढलं, तर हातभर दोरीच वर आली. पेरापेराला मुळी फुटलेली.

“आरं, ही तर हरळी हाय!”

शेणखतातून आली असणार. पण आण्णांचा चेहरा असा झाला, की जणू घरात साप निघालाय.

ज्याने काळ्या रानात हरळी पाहिलेली नाही, त्याला या शब्दातली धास्ती कळायची नाही. उन्हाळ्यात खोल नांगरट करायची, ती ढेकळं उलटी पडून हरळीच्या काशा, म्हणजे मातीत पसरलेली पेरापेरांची खोडं, उन्हात वाळाव्यात म्हणून. मग नांगरामागे फिरून काशा वेचायच्या, बांधावर ढीग लावायचे, पेटवायचे. एवढं करून एखादं पेर मातीत राहिलंच, तर मृगाच्या पावसाला बाईसाहेब पुन्हा हजर. माझी शाळेची प्रत्येक मे महिन्याची सुट्टी काशा वेचण्यात गेली. लोकांना सुट्टी म्हटलं की आंबे आठवतात, मला तो धूर आठवतो.

आण्णांनी चार दिवस मुक्काम वाढवला. आमचं हिरव्या मुठीचं शोभेचं खुरपं उलटसुलट पाहून बाजूला ठेवलं आणि स्वयंपाकघरातून जुनी सुरी मागून घेतली. जाताजाता लव्हाळाही काढला. त्याचं पातं उपटून उपयोग नसतो, खाली गाठी असतात. पात्यामागे सुरीचं पातं सोडून गाठीपर्यंत जावं लागतं. महापुरात वाचणारा लव्हाळा खुरप्याला काय भीक घालणार!

पावसाळ्यात लॉन आठवड्याला कापावं लागतं. एका वेळी पात्याच्या तिसऱ्या हिश्शापेक्षा जास्त कापायचं नाही, नाहीतर मुळांना पोसायला पानंच उरत नाहीत. गवत कापायचं यंत्र 1830 मध्ये इंग्लंडात एडविन बडिंग नावाच्या माणसाने काढलं. कापडाच्या गिरणीत लोकरी कापडावरची लव भादरायचं यंत्र होतं, त्यावरून त्याला हे सुचलं. मी ही माहिती मोठ्या हौसेने आण्णांना सांगितली. ते कापलेल्या गवताच्या गोणीकडे बघत होते.

“ह्ये कुणाला घालतूस?”

“घंटागाडीत टाकतो.”

त्यावर ते काही बोलले नाहीत. संध्याकाळी चहाच्या वेळी एकदम म्हणाले, “एका वासराचं भागलं असतं.”

हिवाळ्यात लॉनचं फारसं काही नसतं. वाढ मंदावते, शेंडे पिवळे पडतात, सकाळी दव असतं आणि त्यात पाय ओले करणं हेच काय ते काम. युरिया टाकायचा मोह तेवढा आवरायचा.

खरी परीक्षा मार्चनंतर. एप्रिल-मे मध्ये लॉनला रोज पाच मिलिमीटर पाणी द्यायचं म्हटलं, तर आमच्या एवढ्याशा तुकड्याला साधारण 140 लिटर लागतात. शहरात माणशी दिवसाला 135 लिटर पाणी धरतात. म्हणजे मेक्सिकन नावाचा एक पाहुणा घरी कायमचा राहायला आलाय आणि दोन वेळा आंघोळ करतोय. पाणीकपात सुरू झाली, पाणी एक दिवसाआड झालं, तेव्हा पहिली गदा त्या पाहुण्यावर आली. भाजी-तांदूळ धुतलेलं पाणी द्यायला लागलो, पण ते तुळशीच्या पलीकडे पोचेना. त्यात लाल मातीच्या वीतभर थराखाली निघाला बांधकामाचा राडारोडा. मुळांनी जावं कुठे? पंधरा मेपर्यंत आमचं लॉन पायपुसण्याच्या रंगाचं झालं.

हिरवं होतं ते फक्त कडेकडेला, विटा आणि फरशीच्या सांध्यांत. आण्णांच्या सुरीतून सुटलेलं.

जूनच्या तोंडावर दुसऱ्या एका नर्सरीत गेलो. “साहेब, आता बर्म्युडा लावा. पाणी कमी लागतं, तुडवलं तरी मरत नाही. गोल्फच्या मैदानावर हेच असतं,” असं म्हणत त्याने ट्रे पुढे केला. मी एक पातं धरून ओढलं. पेरापेराला मुळी! तिथूनच आण्णांना फोन लावला.

“काय भाव म्हनतोय?”

मी चौरस फुटाचा भाव सांगितला. पलीकडे बराच वेळ नुसता बैलांच्या घुंगरांचा आवाज. मग म्हणाले, “त्येला म्हनावं, ट्रक घिऊन ये. फुकाट देतो. वर जेवान.”

बर्म्युडा घेतलं नाही. त्या पावसाळ्यात कडेची हरळीच आत सरकू दिली. ऑगस्ट संपेपर्यंत तिने लॉन भरून टाकलं. मेक्सिकनसारखी गादी नाही, पायाला जरा खरखरीत लागते, पण उघडीप पडली तरी तोंड वाकडं करत नाही. गल्लीतल्या बायका आता श्रावणापासूनच सांगून ठेवतात, कुंपणालगतचा हातभर पट्टा कापू नका म्हणून. दर आठवड्याला भादरलेल्या लॉनात दूर्वा मिळत नाहीत. कोवळा, तीन किंवा पाच पानांचा शेंडा वर यायला उसंत द्यावी लागते.

यंदा गणपतीला आण्णा इथेच होते. चतुर्थीच्या सकाळी ताम्हन घेऊन त्या पट्ट्याशी उकिडवे बसले. एकवीस जुड्या करायच्या होत्या. चौदा-पंधरा झाल्या असतील, तेवढ्यात हाताला जुनं वळण आठवलं असावं. शेंडा खुडण्याऐवजी त्यांनी ओढला आणि अख्खी काशी मातीसकट वर आली. ती हातात धरून ते थोडा वेळ बघत बसले. मी दारातून बघतोय हे त्यांना माहीत नव्हतं. मग त्यांनी बोटाने ओल्या मातीत चर पाडला, काशी आडवी ठेवली आणि अंगठ्याने माती दाबून टाकली.

“झाल्या का दूर्वा?” आतून आईने विचारलं.

“सा ऱ्हायल्यात,” आण्णा म्हणाले.