लॉस झिरो, पण प्रिंट निघंना

हळदीच्या सीझनमधे सांगली मार्केट यार्डातनं फोन आला की जेवण अर्धं टाकूनच उठायचं, कारण तिथं थांबायला कुणालाच वेळ नसतो. परवा असाच एका व्यापाऱ्याच्या गोडाऊनमधनं फोन, "सर, काट्यावरची पावती ऑफिसात निघंना झालीय, गाड्या लायनीत हायत, या लवकर."

गेलो तर काट्यावरचा पीसी नवा, तो बसवणारा पोरगा आधीच येऊन केबल बदल, स्विच बदल, ड्रायव्हर परत टाक असं सगळं करून घामाघूम. मला म्हणतो, "पिंग जातंय सर, लॉस झिरो." पिंग म्हणजे दुसऱ्या मशीनला हाक मारून बघायची, लॉस म्हणजे किती हाका फुकट गेल्या. स्क्रीन बघितली तर रिप्लाय आलेला खरा, पण प्रिंटरकडनं नाही, त्याच पीसीच्या स्वतःच्या आयपीवरनं, म्हणजे नेटवर्कवरच्या पत्त्यावरनं, आणि पुढं लिहिलंय डेस्टिनेशन होस्ट अनरीचेबल, म्हणजे तिथवर पोचताच येत नाही. विंडोज ते पण रिसीव्ह्डमधे मोजतं आणि खाली झिरो टक्के लॉस छापतं, याच्यात भलेभले फसतात.

दिवाणजींचा प्रश्न मात्र बरोबर होता, "सर्व्हर उघडतोय, मग प्रिंटरलाच काय धाड भरली?"

आयपीकॉन्फिग मारलं, म्हणजे पीसीची नेटवर्क सेटिंग दाखवणारी कमांड. आयपी १९२.१६८.१.१००, मास्क २५५.२५५.२५५.१९२, गेटवे १९२.१६८.१.६५. मास्क सांगतो आपल्या गल्लीत कुठले पत्ते येतात, गेटवे म्हणजे गल्लीबाहेर जायचं दार. बाकी सगळ्या ऑफिसचा मास्क २५५.२५५.२५५.० आणि राउटर, म्हणजे खरं दार, .१ वर (पत्त्याचा शेवटचा आकडा)! पोरानं दुसऱ्या साइटचं सेटिंग जसंच्या तसं उचललेलं, तिथं नेटवर्कचे चार भाग केलेले असणार.

याला कॅल्क्युलेटर ॲप लागत नाही, २५६ मधनं मास्कचा शेवटचा आकडा १९२ वजा करा, ६४ येतात, म्हणजे ६४-६४ चे ब्लॉक, ०, ६४, १२८, १९२ पासनं सुरू होणारे. १०० पडतो ६४ ते १२७ मधे, त्यातला ६४ नेटवर्कच्या स्वतःच्या नावाचा, १२७ ब्रॉडकास्टचा म्हणजे सगळ्यांना एकदम हाक मारायचा, वापरायला उरले ६२. सर्व्हर .७० वर, म्हणून तो चालतोय. प्रिंटर .२० वर, तो हद्दीबाहेर. दिवाणजींना सांगितलं, ह्या पीसीला वाटतंय प्रिंटर दुसऱ्या गल्लीत राहतो, जायचं तर ६५ नंबरच्या दारातनं, आणि त्या नंबरचं दारच इथं नाही. उलट बाजूनं ऑफिसचा .३० वाला पीसी थेट .१०० ला हाक मारतो, ती पोचते पण, उत्तर मात्र त्याच नसलेल्या दाराकडं जातं. सगळंच बंद पडलं असतं तर लवकर सापडलं असतं, हे अर्धं चालणारं दुखणं लई वाईट.

मास्क बदलला, गेटवे .१ केला, आणि प्रिंटरनं सकाळपासनं अडकलेल्या पावत्या धडाधड ओकायला सुरुवात केली, दिवाणजी त्या गोळा करता करता हैराण.

निघता निघता सहज विचारलं, त्या पोरानं अजून काय बसवलंय? तर सीसीटीव्हीचं रेकॉर्डिंग करणारा डीव्हीआर. .११० वर, तोच मास्क, तोच गेटवे. कॅशियरच्या .८० वाल्या पीसीवर चित्र एकदम झकास, पण बाहेर जायचं दारच चुकीचं, म्हणून शेठना घरनं मोबाईलवर काहीच दिसायचं नाही, त्यांनी त्यासाठी सिमकार्डची कंपनी पण बदललेली. तिथंही दोन्ही आकडे नीट केले, शेठना वायफाय बंद करून, मोबाईलच्या नेटवरनं ॲप उघडायला लावलं. शेठनी मिनिटभर डोळे बारीक करून बघितलं आणि तिथनंच ओरडले, "आरं, पोत्यांच्या थप्पीमागं झोपलाय त्यो कोण रं?"