तांबालाकोक: ६ बिया, ३ कोंब, १ गोगलगाय

वाकोआ (मॉरिशस), ऑगस्ट. बाहेर तीच ती झिमझिम. गेल्या वर्षी लावलेल्या, तांबालाकोक या झाडाच्या ६ बियांचा हिशेब देतो: रुजल्या ३, एक कोंब गोगलगायीनं फस्त केला, कुंडीत उभी रोपं २.

हे झाड रानात फक्त मॉरिशसच्या उंचावरच्या ओल्या जंगलात. कूळ आपल्या चिकू-बकुळीचं. पान खुडलं की तसाच पांढरा चीक. नामशेष झालेल्या डोडो पक्ष्याच्या पोटातून गेल्याशिवाय त्याचं बी रुजत नाही, ही गोष्ट इथे शाळकरी पोरांनाही पाठ आहे. ती आली अमेरिकी पक्षितज्ज्ञ स्टॅन्ली टेंपल यांच्या १९७७च्या निबंधातून. त्यांनी डोडोच्या जागी टर्की पक्ष्यांना १७ बिया भरवल्या. ७ पोटातच फुटल्या, १० बाहेर आल्या, त्यांतल्या ३ रुजल्या. पण न भरवलेल्या बिया शेजारी लावून पाहिल्याच नाहीत! अहो, आपल्यातला नवशिकासुद्धा एक कुंडी तुलनेला ठेवतो. शिवाय लंडनच्या क्यू वनस्पती उद्यानातल्या हिल यांनी १९४१मध्येच, कवच न घासताही हे बी रुजतं, असं नोंदवून ठेवलं होतं.

म्हणून मी ३ बिया, पोटात कवच झिजावं तशा, पॉलिश पेपरनं घासल्या, ३ तशाच ठेवल्या. घासलेल्यांतली १ आली, न घासलेल्यांतल्या २. एवढ्यावरून सिद्धान्त मांडला तर माझंही त्या टर्कीच्या प्रयोगासारखंच व्हायचं, तेव्हा गप्प बसतो. एक मात्र सांगतो, गर पूर्ण काढा. आधीच्या खेपेला आळस केला आणि सगळ्या बिया बुरशीनं गेल्या. या खेपेला जुन्या टूथब्रशनं खरवडून काढल्या.

बी अक्रोडाएवढं, कवच लाकडासारखं जाड. त्याच्यावर गोल फिरलेली एक बारीक रेघ असते. सातव्या महिन्यात एका सकाळी ती रेघ उकललेली दिसली आणि डब्याचं झाकण निघावं तसा वरचा तुकडा अलगद सुटला. फुटला नाही, सुटला! खाली पांढरं मूळ. मी चहा तसाच टाकून बसलो होतो.

आता कुंड्या पाण्याच्या परातीत विटांवर ठेवल्यात. गोगलगायी काठावरूनच परत जातात. जंगलातल्या रोपांना ही सोय कुठली? तिथे गोयाव्ह द शीनची, म्हणजे त्या छोट्या लाल पेरूची, इतकी दाटी की खाली ऊन पोचत नाही. हिवाळ्यात आम्हीच पिशव्या भरभरून तो खातो, ते वेगळं.

बियांबद्दल विचारणाऱ्यांना: माझ्या बिया परवानगी घेऊन रोपवाटिकेतून आणलेल्या होत्या. राष्ट्रीय उद्यानातून उचलू नका.

मोठं रोप वीतभर, ५ पानं. धाकट्याचं एक पान पिवळं पडलंय. पाणी कमी करून बघतो.