भरतीचं दान आणि पत्त्यांची गड्डी

मी बनवत असलेल्या होड्यांच्या खेळाचे या आठवड्यात तीन डाव झाले, अजून कागदावरच. तिन्ही एकाच जागी अडले. नियम साधा आहे: दोन फासे टाकायचे, बेरीज ७ आली की भरती येते आणि वाळूत रुतलेल्या होड्या सुटतात. ३६ पैकी ६ दानं सातची, म्हणजे सरासरीने दर सहा खेळ्यांना एक भरती. पण लागोपाठ १२ खेळ्यांत एकदाही ७ न पडण्याची शक्यता सुमारे ११ टक्के निघते, आणि आमचा अख्खा डाव २४ खेळ्यांचा! तिसऱ्या डावात नेमकं तेच झालं. समोरचा खेळाडू काही बोलला नाही, पण तो होड्या एकमेकींवर रचत बसला तेव्हा मला फार वाईट वाटलं. त्याने चूक काहीच केली नव्हती.

म्हणून फासे काढले आणि ३६ पत्त्यांची गड्डी केली, प्रत्येक दानाला एक पत्ता. 'कॅटान' या बोर्डगेमसाठीही फाशांऐवजी वापरायची अशी गड्डी निघालेली आहे. हिशेब केला तर ११ चे जेमतेम ७ टक्के झाले. २४ खेळ्यांत गड्डी संपतच नाही, मग सगळी सातं तळाशी राहिली तर उपयोग काय?

वाट सापडली ती 'पँडेमिक'मध्ये. रोगांच्या साथी रोखण्याचा हा मॅट लीकॉकचा २००८ चा बोर्डगेम. त्यात गड्डीचे सारखे ढीग करतात, प्रत्येक ढिगात साथीचा एक पत्ता घालून तो ढीग वेगळा पिसतात आणि मग ढीग एकावर एक ठेवतात. इतकी वर्षं ही मांडणी हाताने करतोय, पण ती नशिबाला कुंपण घालते हे आत्ता उमगलं. टेट्रिसच्या आजच्या आवृत्त्यांत हेच चालतं: सातही आकारांचा एकेक तुकडा पिशवीत, पिशवी रिकामी झाली की नवी. त्यामुळे दोन लांब दांड्यांच्या मधे १२ पेक्षा जास्त तुकडे येऊच शकत नाहीत. माझ्या गड्डीचे सहा-सहा पत्त्यांचे सहा ढीग केले, प्रत्येकात एक ७. आता दोन भरत्यांत फार तर १० खेळ्यांचं अंतर.

पत्ते मोजले जातील ही भीती होती. ते मोजले गेलेच, पण त्यानेच डावात जीव आला. एका ढिगातले पाच पत्ते कोरडे गेले की सहावा भरतीचाच, हे दोघांनाही ठाऊक. मग मुद्दाम वाळूवर होडी नेऊन थांबणं ही चाल झाली. फाशांच्या वेळी तिथे कोणी फिरकत नव्हतं. मात्र भरती ढिगाच्या पहिल्याच पत्त्याला आली तर पुढच्या पाच खेळ्या सपक जातात. त्यासाठी ५, ६ आणि ७ पत्त्यांचे प्रत्येकी दोन ढीग करून, त्यांचा क्रमही पिसून बघणार आहे. अंतर क्वचित १२ पर्यंत जाईल, पण ढिगाची कड लपेल.

गोदो या गेम बनवायच्या सॉफ्टवेअरमध्ये हे लिहायला एक संध्याकाळ पुरली. त्यातलं अ‍ॅरेचं (यादीचं) तयार शफल, म्हणजे पिसणं, सगळ्या प्रोग्रामसाठी यादृच्छिक आकड्यांचा एकच जनरेटर वापरतं, म्हणून गड्डीला स्वतंत्र जनरेटर देऊन पिसण्याचं फंक्शन स्वतः लिहिलं. डाव सेव्ह करताना उरलेल्या पत्त्यांचा क्रमही साठवतोय. नाहीतर पुन्हा लोड करून हवी तेव्हा भरती आणता आली असती. वेगवेगळ्या ढिगांचे डाव रविवारी, आधी कागदावरच.