चीजकेक अमेरिकन? छे!

चीजकेक म्हणजे न्यूयॉर्क असं आपल्या डोक्यात फिट्ट बसलंय, पण इसवीसनापूर्वी दुसऱ्या शतकातच रोमच्या केटो नावाच्या राजकारणी लेखकाने शेतीवर लिहिता लिहिता सॅव्हिलम नावाच्या चीजकेकसारख्या गोड पदार्थाची रेसिपी देऊन ठेवलीये, अडीच पौंड चीज, अर्धा पौंड पीठ, पाव पौंड मध, एक अंडं, झाकण ठेवून भाजायचं आणि वरून परत मध नि खसखस. खसखस वाचून हा माणूस मला एकदम घरचाच वाटला.

न्यूयॉर्कवाला दाट प्रकार फार नंतरचा, कारण त्याला लागणारं क्रीम चीजच मुळात १८७० च्या दशकात न्यूयॉर्क राज्यातल्या चेस्टर गावात विल्यम लॉरेन्सने बनवायला घेतलं. (फिलाडेल्फिया ब्रँडही तिकडचाच बरं का, त्या शहराचं नाव दुधदुभत्यासाठी मोठं होतं म्हणून लेबलवर चिकटवलं!) जर्मन लोक क्वार्क घालतात, इटलीत रिकोटा (दोन्ही मऊ, ताज्या चीजसारखेच), आणि जपानी चीजकेकमध्ये अंड्याचा पांढरा भाग फेटून घालतात म्हणून तो कापसासारखा हलका.

सध्या हवा आहे ती बास्क चीजकेकची. स्पेनच्या बास्क भागातल्या सान सेबास्तियान शहरातल्या ला विन्या बारमधला सांतियागो रिवेराचा हा केक, खाली बिस्किटाचा थर नाही, कडक तापलेल्या ओव्हनमध्ये वरून पार काळपट होईपर्यंत भाजायचा आणि आत मात्र लिबलिबीत.

पण मला विचाराल तर ओडिशाचा छेना पोडा कुठेच कमी नाही, छेना (दूध फाडून केलेलं ताजं पनीर), साखर, थोडा रवा, वेलची, साल नावाच्या झाडाच्या पानांत गुंडाळून निखाऱ्यावर तासन्‌तास, आणि त्या करपट गोड कडा तर मी आधी संपवते.