तुम्ही विचारलंत म्हणून : बातमीला कुलूप का?

"बातमी लोकांसाठी असते म्हणता, मग तिला कुलूप कशाला?" लग्नात, एसटी स्टँडवर, फोनवर, तीन वर्षं हेच ऐकतोय. महिना शंभर रुपये भरल्याशिवाय आमच्या वेबसाइटवरची मोठी बातमी उघडत नाही, हे खरं आहे. आजवर तुटक उत्तरं दिली. आता सगळं सांगतो.

ही वेबसाइट सुरू करण्याआधी मी एका दैनिकाचा तालुका वार्ताहर होतो. मानधनात पेट्रोलही भागायचं नाही. घर चालायचं ते जाहिरातीच्या कमिशनवर. वर्धापनदिनाच्या पुरवणीचं टार्गेट आलं की ज्यांच्याविरुद्ध लिहायचं, त्यांच्याच दारात जाऊन बसायचं.

एका हंगामात साखर कारखान्यानं ऊसबिलं थकवली. १९६६च्या ऊस नियंत्रण आदेशानुसार ऊस गेल्यापासून १४ दिवसांत पैसे द्यावे लागतात, उशीर झाला तर वर्षाला १५ टक्के व्याज. इथं चार महिने उलटले होते. एक आबा उसाच्या वजनकाट्याच्या पावत्या घेऊन आले. दुधाच्या पिशवीत, रबर लावून. शाई पुसट झाली होती, म्हणून नातीनं प्रत्येक पावतीच्या मागं बॉलपेननं वजन पुन्हा लिहिलं होतं. मी पुण्याच्या साखर आयुक्तालयात माहिती अधिकारात अर्ज टाकला. १० रुपये फी, पानाला २ रुपये. थकबाकीचे आकडे मिळाले, आबांच्या पावत्यांशी ताडून बातमी पाठवली.

ती लागली नाही. दैनिकाच्या कचेरीत फोन केला की "बघतो" म्हणायचे. दुसऱ्या रविवारी अंक उघडला तर चेअरमनसाहेबांच्या वाढदिवसाची पानभर रंगीत जाहिरात. ती मीच आणली होती, बातमी हाती येण्याच्या महिनाभर आधी. कमिशन जमा झालं. मी ते परत केलं नाही, मुलीची फी भरली.

आबा पावत्या न्यायला आले. ओसरीवर बसून एकेक मोजली. "सगळ्या हायेत," म्हणाले आणि गेले.

म्हणून फुकट बातमीचं कौतुक मला सांगू नका. छापील अंकाच्या किमतीत त्याचा कागदसुद्धा निघत नाही. उरलेले पैसे जाहिरातदार देतो, आणि कुठली बातमी लागू नये हेही तोच ठरवतो. कुणी म्हणतं, ब्रिटनचा गार्डियन पेपर बघा, सगळं खुलं ठेवून वाचकांकडे मदत मागतो. त्यांचा वाचक जगभर आहे. आमचा एक तालुका. न्यूयॉर्क टाइम्सनं २०११ साली कुलूप लावलं तेव्हाही महिन्याला २० लेख मोफत ठेवले होते. आम्ही महिन्यात मोठ्या बातम्या करतोच मुळी चार. आणि त्या चारांचे स्क्रीनशॉट सकाळी नऊपर्यंत गावच्या ग्रुपवर फिरतात, पाठवणारे बरेचदा मला प्रश्न विचारणारेच असतात. याचा मला राग येतो.

पण २०१५ साली फेसबुकवर मीच लिहिलं होतं, "बातमी विकणं म्हणजे गावच्या विहिरीला कुलूप लावणं." ते चूक होतं असं आजही म्हणवत नाही. टँकरचं वेळापत्रक, पीकविम्याची मुदत आम्ही खुली ठेवतो. तेवढ्यानं भागत नाही. सहाशे वर्गणीदारांतले निम्म्याहून जास्त पुण्या-मुंबईत स्थायिक झालेले. ज्यांच्या पावत्यांवर बातमी उभी राहते, ते बाहेरच. मग मी कुणासाठी लिहितोय? शंभराचे पन्नास केले तर माझा एकुलता सहकारी सोडून जाईल. कारखान्याची जाहिरात घेतली तर पुन्हा ती ओसरी.

गेल्या हिवाळ्यात आम्ही वजनकाट्यातल्या फरकावर मालिका केली. आबांच्या नातीचा फोन आला. "काका, आजोबांना वाचून दाखवायचंय. पासवर्ड मिळेल का?"

दिला. आठवड्याभरात त्याच पासवर्डवर एकोणीस मोबाइल दिसायला लागले. सहकारी म्हणतो, बंद करा, नाहीतर उरलेल्यांनी पैसे का भरावेत? त्याचं म्हणणं मला खोडता येत नाही. पासवर्ड अजून चालू आहे.