तुम्ही विचारलंत म्हणून: विमानाचं कुठलं किट घ्यावं?

"काका, विमानाचं किट घ्यायचं म्हणतोय, कुठलं घेऊ?" हा प्रश्न मला आता वरचेवर येतो. किट म्हणजे घरी जोडून विमान बांधण्यासाठी मिळणारे सुटे भाग. इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाची पोरं विचारतात, नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत स्वतःचं शीटमेटलचं युनिट असलेला कुणी विचारतो, परवा दिंडोरीकडच्या एका द्राक्ष बागायतदारांनी विचारलं. माझी नोकरी नाशिकजवळ ओझरला एचएएलच्या विमान कारखान्यात गेली, सगळी पत्रा आणि पत्रे जोडणाऱ्या रिव्हेटमध्ये. निवृत्तीनंतर अमेरिकेतल्या पुतण्याने व्हॅन्स कंपनीच्या आरव्ही-9ए या दोन सीटच्या विमानाचं किट घेतलं, तेव्हा त्याच्या गॅरेजमध्ये जोडीला उभा राहिलो. त्या अनुभवावरून सांगतो.

विमानाचं नाव मी आधी सांगत नाही. आधी विचारतो, उडणार कुठून आणि कोणत्या महिन्यात?

कारण कंपनीच्या माहितीपत्रकातले आकडे बहुतेक समुद्रसपाटीचे आणि 15 अंश तापमानाचे असतात. इतक्या फुटांत जमीन सोडतं, मिनिटाला इतके फूट चढतं, ते सगळं त्या हवेत. आपलं नाशिक समुद्रसपाटीपासून साधारण 1900 ते 2000 फुटांवर. त्यात मे महिन्यातली दुपार धरा, 40 अंश. हवा तापली की विरळ होते. हिशेब केला तर विमानाला त्या वेळी आपण सुमारे 5400 फुटांवर असल्यासारखं वाटतं. इंजिनाला हवा कमी, प्रोपेलरला कमी, पंखांनाही कमी, म्हणजे तिन्हीकडून मार. रोटॅक्स 912 चं 100 हॉर्सपॉवरचं इंजिन त्या हवेत 85 च्या आसपास ताकद देतं. दोन माणसं आणि भरलेली टाकी घेऊन आखूड धावपट्टीवरून निघायचं असेल तर हा फरक जिवाशी येतो. टर्बोचं रोटॅक्स 914 किंवा 915 घेतलं तर ही तूट बरीच भरून निघते, पण किंमत आणि वजन दोन्ही वाढतं. म्हणून म्हणतो, माहितीपत्रक हातात घ्याल तेव्हा मे महिन्यातली दुपार डोळ्यासमोर ठेवा. पहाटे सहाला उडणार असाल तर गोष्ट वेगळी. मग तसं ठरवा आणि पाळा.

दुसरा प्रश्न पेट्रोलचा, आणि तो फारसा कुणाच्या डोक्यात येत नाही. रोटॅक्स 912 साध्या पेट्रोलवर चालतं, हे त्याचं मोठं आकर्षण. पण कंपनीची मान्यता 10 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असलेल्या पेट्रोलला आहे, आणि आपल्या पंपांवर आता 20 टक्क्यांचं मिळतं. इथेनॉल हवेतलं पाणी ओढून घेतं, न सोसणारं रबर आणि टाकीचं सीलंट खराब करतं. उन्हात तापलेल्या नळीत इंधनाची वाफ होऊन प्रवाह अडला, तर इंजिन टेकऑफलाच गप्प होऊ शकतं. विमानाचं खास पेट्रोल, म्हणजे एव्हगॅस, याला चालतं. पण त्यातल्या शिशाचा साका गिअरबॉक्समध्ये आणि प्लगवर बसतो, त्यामुळे ऑइल लवकर बदलावं लागतं. लायकमिंग हे दुसऱ्या कंपनीचं इंजिन घेतलं तर ते मुळात एव्हगॅससाठीच बनलेलं. म्हणजे इंधन कुठून आणणार हे ठरल्याशिवाय इंजिन ठरत नाही, आणि इंजिन ठरल्याशिवाय किट ठरत नाही.

आता बांधणीकडे येऊ. किटं ढोबळमानाने तीन जातींची. पोलादी नळ्यांच्या सांगाड्यावर कापड ताणलेली, उदाहरणार्थ किटफॉक्स. फोम, काचेचं कापड आणि इपॉक्सी यांची, म्हणजे कंपोझिट. आणि पत्र्याची, जशी आरव्ही, झेनिथ किंवा दक्षिण आफ्रिकेची स्लिंग.

माझं मत स्पष्ट आहे, नाशिकच्या माणसाने पत्र्याचं घ्यावं. कंपोझिटची विमानं देखणी असतात. अमेरिकन विमानरचनाकार बर्ट रुटान यांच्या लाँग-ईझीसारखं सुंदर छोटं विमान मी दुसरं पाहिलेलं नाही, आणि किट न घेता नुसत्या नकाशांवरून लोकांनी ते घरी बांधलं. पण इपॉक्सीला हवामान सांभाळून घ्यावं लागतं. जुलै-ऑगस्टच्या दमट हवेत तिच्यावर मेणचट थर येऊ शकतो. तो नीट काढला नाही तर पुढचा थर धरत नाही, आणि वरून ते दिसतही नाही. तयार झाल्यावर पुन्हा उन्हाची काळजी. तापून इपॉक्सी मऊ पडू नये म्हणून ही विमानं जवळजवळ सगळी पांढरीच रंगवतात. कापडाच्या विमानाचं शत्रुत्वही उन्हाशीच. उलट पत्र्यातली चूक डोळ्याला दिसते, बोटाला लागते आणि ड्रिलने काढून टाकता येते. शिवाय पत्र्यावर हात बसलेली माणसं सातपूर-अंबडला गल्लोगल्ली आहेत. 1964 साली मिग लढाऊ विमानांसाठी ओझरचा कारखाना आला, तेव्हापासून या शहराला विमानाच्या पत्र्याची ओळख आहे. हे भांडवल दुसऱ्या गावाला मिळत नाही.

मात्र अंबडच्या मित्रांना एक गोष्ट हात जोडून सांगतो. फॅब्रिकेशनमध्ये आपली सवय असते, जरा जाड लावू, मजबूत होईल. विमानात ती सवय दाराबाहेर ठेवा. जाड पत्रा म्हणजे वजन, आणि ते शेपटीकडे वाढलं तर गुरुत्वमध्य मागे सरकतो आणि विमान सावरणं अवघड होतं. बोल्टचंही तसंच. विमानाच्या एएन बोल्टची गुळगुळीत दांडी नेमक्या लांबीची निवडतात, कारण भोकात दांडीच बसली पाहिजे, भार घेणाऱ्या जागी आटे येता कामा नयेत. हार्डवेअरच्या दुकानातला तसाच दिसणारा बोल्ट तिथे चालत नाही, कितीही चकचकीत असो.

किटमधला पत्रा कापून, वाकवून, भोकं पाडून येतो. तरी भोकं अंतिम मापाला ड्रिल करणं आणि त्यांची बर, म्हणजे ड्रिलने काठावर उठलेली धातूची धारदार कड, काढणं उरतंच. प्रत्येक भोकाची, दोन्ही बाजूंनी. बर राहिली तर दोन पत्रे एकमेकांना चिकटून बसत नाहीत, मधल्या फटीत रिव्हेट फुगतो आणि जोड कच्चा राहतो. पत्र्याच्या कडेला कानशीचा आडवा ओरखडा राहिला, तर पुढे कधीतरी चीर तिथूनच सुरू होते. पुतण्या आणि मी संध्याकाळच्या संध्याकाळ फक्त बर काढत बसायचो. तो कंटाळला की मी म्हणायचो, बोट फिरव, डोळ्यावर विश्वास ठेवू नकोस.

मग रिव्हेट. बाहेरून एक जण हवेवर चालणारी रिव्हेटची गन धरतो, आतून दुसरा लोखंडी बार रिव्हेटच्या शेपटाला टेकवतो. आरव्ही-9 मध्ये असे हजारो आहेत. तीन मिलिमीटरच्या आसपासचा, म्हणजे एक अष्टमांश इंची रिव्हेट घ्या. ठोकल्यावर आतल्या बाजूचं डोकं दांडीच्या दीडपट रुंद आणि निम्म्याइतकं उंच व्हायला हवं, म्हणजे साधारण 4.8 मिलिमीटर रुंद आणि 1.6 उंच. कमी ठोकला तर पकड नाही, जास्त ठोकला तर डोक्याला चिरा. बार तिरका धरला तर डोकं कलतं. रिव्हेट बसत आला की आवाज बदलतो, आधी भदभद आणि मग कडक. तो आवाज कानाला कळायला लागला की माणूस तयार झाला. चुकलेला रिव्हेट काढताना भोक मोठं होऊ न देणं ही वेगळी विद्या आहे, आणि तीच आधी शिकावी. त्याच कंपनीच्या आरव्ही-12 मध्ये मात्र बहुतेक रिव्हेट ओढून बसवायचे पॉप रिव्हेट आहेत, एकट्याने होतं. तिचे पंखही दोन माणसांनी काही मिनिटांत काढता येतात, म्हणजे हँगरशिवाय भागतं. पहिल्यांदा बांधणाऱ्याला मी बहुधा तीच सुचवतो. शेतातल्या पट्टीचं मनात असेल तर झेनिथच्या 701 किंवा 750 कडे बघा. वेग कमी, पण फार हळू उडू शकतात आणि थोडक्या जागेत उतरतात.

परवानगीचं विचाराल तर अमेरिकेत निम्म्याहून जास्त काम हौशी बांधणाऱ्यांनी, शिकण्यासाठी किंवा आवडीपोटी, केलेलं असावं लागतं. नंतर ठरलेल्या भागात, बहुधा 25 किंवा 40 तास, चाचणी उड्डाणं करावी लागतात. आपल्याकडे कॅप्टन अमोल यादव यांनी कांदिवलीत इमारतीच्या गच्चीवर सहा सीटचं विमान बांधलं. 2011 पासून नोंदणीसाठी झगडले आणि ती 2017 च्या नोव्हेंबरात मिळाली. त्यांच्याबद्दल मला अतोनात आदर आहे. पण तुम्ही डीजीसीएशी, म्हणजे विमानांना परवानगी देणाऱ्या सरकारी खात्याशी, पत्रव्यवहार पैसे भरायच्या आधी सुरू करा, किट बंदरात येऊन पडल्यावर नको.

आणि सगळं किट एकदम मागवू नका. बहुतेक कंपन्या टप्प्याटप्प्याने देतात, आधी शेपूट, मग पंख, मग धड. त्याच्याही आधी सरावाचं छोटं किट मिळतं, चार पत्रे आणि मूठभर रिव्हेट. ते आणा, घरच्यांना न दुखवता रोज दोन तास देता येतात का ते बघा. झालं की मला कळवा, मी येऊन प्रत्येक डोकं गेजने तपासून देईन. गन आणि बार माझ्याकडे आहेत, कॉम्प्रेसर तुमचा लागेल, आणि बार धरायला घरातलंच कुणीतरी तयार ठेवा, कारण पुढची दोन-चार वर्षं तेच माणूस लागणार आहे.